शिंगाडेवाली आणि बाजारबंदीचा हुकूम

"वाच बाबू. खालच्या सहीपर्यंत वाच," असं म्हणत ती डोक्यावरची टोपली आमच्या कचेरीच्या दाराशी उतरवायची. तिला अक्षरओळख नव्हती, पण फळ्यावर लागलेला सरकारी कागद तिनं कधी अर्धवट ऐकला नाही. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. कारकुनांना ती नकोशी वाटतात, आणि मी अड्याळजवळच्या एका लहान ग्रामपंचायतीत कारकूनच आहे.

तलावातले शिंगाडे उकडून आठवडी बाजारात विकायचे, हा तिचा धंदा. कोरोनात बाजार बंद झाला तेव्हा हुकूम ऐकून, मुदत विचारून ती निमूट घरी गेली. कोणी चोरून दुकान मांडलं तर त्याला तीच झापायची. मुदत वाढली, पुन्हा वाढली. दर वेळी येऊन तिनं कागद ऐकला आणि परत गेली.

मग शिंगाड्याचा हंगाम आला. एका मंगळवारी ती तोंडाला पदर बांधून रिकाम्या बाजारात एकटीच जाऊन बसली. सरपंचांनी तिला कचेरीत बोलावलं आणि मला हुकूम वाचून दाखवायला सांगितलं.

मी फाईल उघडली आणि आधी तारखा पाहिल्या. बंदीची मुदत केव्हाच संपली होती. अंतर ठेवून बाजार भरवायची वरून आलेली परवानगीही तिथंच पडून होती. आमच्याकडे बंदची दवंडी होते, पण पुन्हा सुरू झाल्याची दवंडी द्यायची रीतच नाही. म्हणून मी ती दिली नाही आणि वरूनही कोणी विचारलं नाही.

मी दोन्ही कागद वाचले. सरपंच म्हणाले, राहू द्या अजून पंधरा दिवस, सावध राहिलेलं बरं.

"बिमारीसाठी बंद केलं, मी घरी बसली," ती शांतपणे म्हणाली. "आता कायच्यासाठी बंद आहे, तेवढं सांगा. पंधरा दिवस शिंगाडा थांबते का?"

सरपंच माणूस वाईट नव्हते. परवानगीचा कागद माझ्यापुढे सरकवून ते म्हणाले, आजच दवंडी द्या. धंदा करायचा हक्क घटनेनं दिला आहे, साथीत सरकारला त्याला वेसण घालता येते, पण कारण असेल तोवर आणि गरजेपुरतीच, हे मी परीक्षेसाठी घोकलं होतं. तिला ते न घोकताच कळत होतं. मला फार लाज वाटली. संध्याकाळी दवंडी फिरली आणि बाजारात चुन्याचे चौकोन मी स्वतः आखले.

गेल्या हिवाळ्यात ती वारली, नेमकी बाजाराच्या दिवशी. दुकानदार म्हणाले, तिच्या मानासाठी आज बाजार बंद ठेवू. वरठीहून आलेली तिची लेक तेवढी कबूल होईना.

"बंद नोका करू," ती म्हणाली. "मायले चालणार नाही."

दुकानं उघडी राहिली. तिरडी बाजारातूनच गेली. विकणारे हातातली तागडी खाली ठेवून आपापल्या जागेवर उभे राहिले. मी कचेरीच्या दारात उभा होतो आणि मला रडू आवरलं नाही.