सदाशिवची शपथ, आमची भाकर

करीम जमादार अकोल्याहून स्वतः आला तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी वाईट घडलंय. कापसाच्या कारखान्यातला माणूस ऐन हंगामात काम टाकून आगगाडीने बडनेऱ्यापर्यंत आणि तिथून पायी अमरावतीला, आमच्या मिशनच्या शाळेत कशाला येईल? मी मुलांकडून पाढे म्हणून घेत होतो. तो उंबऱ्याबाहेरच थांबला आणि म्हणाला, “मास्तर, सदाशिवभाऊ वारले. मातीले चाला.” मी पुस्तक मिटलं, मुलांना घरी पाठवलं, कोट चढवला... सगळं नीट केलं. रडू आलं नाही. पहिला विचार मनात काय आला तो लिहायला हात धजत नाही, पण लिहितो. सभेपुढे खरं न सांगताच गेला की हा, असं मला वाटलं. सदाशिव माझ्या धाकट्या बहिणीचा, मार्थाचा, नवरा होता. त्याला जाऊन आज सात आठवडे झाले.

तो दर्यापूरकडच्या एका कुणब्याच्या घरचा, चार भावांतला तिसरा. आमच्या शाळेत चार अक्षरं शिकायला म्हणून आला आणि दोन वर्षांनी त्यानं बाप्तिस्मा घेतला. घरच्यांनी तो जिवंत असताना त्याचा दहावा केला. थोरल्या भावाने गावच्या विहिरीवर त्याच्या ओंजळीत पाणी घालायला नकार दिला, हे तो सांगायचा तेव्हा हसत सांगायचा, पण सांगायचा मात्र वरचेवर. नाव त्यानं बदललं नाही. पाद्रीसाहेबांनी चार-पाच चांगली नावं सुचवली, तर म्हणतो कसा, “नाव मायनं ठेवलं हाय, देवानं कुठी मांगतलं?” मी त्याला चिडवायचो, की अख्ख्या वऱ्हाडात महादेवाच्या नावाचा ख्रिस्ती तू एकटाच. तो म्हणे, “मंग हरवलो तं सापडाले सोपं.”

पुढे तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली आणि इकडे आमच्या काळ्या मातीतल्या कापसाला देवाचे दिवस आले. मुंबईचे साहेब अकोल्याला उतरले, गठाणी दाबायचे कारखाने निघाले. सदाशिवला एका साहेबाकडे पारख्याचं काम मिळालं. चिमूटभर रुई तो दोन अंगठ्यांत धरून हळूच ओढायचा, धागा तुटेपर्यंत श्वास रोखायचा आणि कापूस भातकुलीकडचा की दर्यापूरचा ते सांगायचा. सहसा चुकत नसे. साहेबाचा त्याच्यावर जीव बसला. तो आणि मार्था अकोल्याला राहायला गेली. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि प्याला वाटून घेण्याचा विधी असतो, त्याला मात्र दोघं न चुकता अमरावतीला यायची.

अकोल्याला त्या साहेबलोकांनी एक मंडळी काढली होती. बंद खिडक्यांचा बंगला, आत काय चालतं ते कोणी सांगायचं नाही, म्हणून गावातले लोक त्याला जादूघर म्हणायचे. आत गेलेला प्रत्येकजण दुसऱ्याचा भाऊ, मग तो साहेब असो, पारशी असो की आणखी कोणी. एक देव मानला की झालं. साहेबाने सदाशिवला बोलावलं. तो मला विचारायला आला. मी तेव्हा सभेचा, म्हणजे आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या कारभाऱ्यांपैकी एक होतो आणि मला उत्तरं तोंडपाठ असत. ख्रिस्ताच्या माणसाने शपथा वाहू नयेत, अंधारात लपवावं लागतं ते चांगलं नसतं, आणि भाऊपणा पाहिजे तर तो इथे सभेत आहे, असं मी त्याला पढवलं. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “मास्तर, इथी सात घरं हायेत. साती घरचे मले पाठीमांगं ‘कुणब्याचा’ म्हणते. तिथी साहेब सगळ्याईपुढं भाऊ म्हणते.” मी हसण्यावारी नेलं. खरं तर ते खरं होतं. आमच्यात येऊनही कोण कुठला हे कोणी विसरत नव्हतं, मीसुद्धा.

तो गेला त्या जादूघरात. दिवाळीनंतरच्या एका रविवारी तो अकोल्याच्या प्रार्थनेला नव्हता असं कानावर आलं, आणि पुढच्या प्रभुभोजनाला आला तो डाव्या कुशीवर हात धरून. जिना चढताना मध्येच थांबला. मी विचारलं तर म्हणाला, कापसाची धूळ छातीत गेली असेल. माझं लक्ष त्याच्या छातीकडे नव्हतंच. मी सभेत विषय काढला. पाद्रीसाहेब थोडे मऊ पडले होते, म्हणाले की त्याला एकट्याला बोलावून विचारू. मीच हटून बसलो. माझ्या बहिणीचा नवरा म्हणून मी पांघरूण घातलं असं उद्या कोणी म्हणू नये, ही माझी फुशारकी. तर सदाशिव सातही घरांपुढे उभा राहिला. मी शाळेतल्या भाषेत त्याला विचारलं, “तेथे आपण कोणती शपथ घेतली आणि काय केले, ते सांगावे.” तो म्हणाला, “मी तिथून निंघालो. आता पुन्हा पाय ठेवनार नाही. पन काय झालं ते सांगता येत नाही, मास्तर. पवित्र शास्त्रावर हात ठेवून बोललो होतो.” मी म्हटलं, “मग सांगेपर्यंत भाकर आणि प्याला बंद.” त्यानं मान डोलावली. वाद घातला नाही. वाद घातला असता तर मला बरं वाटलं असतं.

माघात मार्थाचं पत्र आलं, की ताप उतरत नाही. मी गेलो. अकोल्याच्या त्या एका खोलीच्या घरात तो भिंतीला टेकून बसला होता, आडवं झालं की दम लागायचा. मिशनचे डॉक्टर येऊन गेले होते. कुठे पडलास का, कोणी मारलं का, असं त्यांनी दोनदा विचारलं आणि त्यानं दोनदा मानेनं नाही म्हटलं. डॉक्टर खोकल्याचं औषध देत होते. मार्था पाणी आणायला बाहेर गेली तेव्हा त्यानं मला जवळ बोलावलं. अंगाला घामाचा आणि सरकीच्या तेलाचा वास येत होता. हळूच म्हणाला, “मास्तर... शपथ मोडली तं चालते का?”

मी या प्रश्नाला ‘हो’ म्हणायला हवं होतं. एवढंच करायचं होतं. तो माणूस जीव वाचवायची परवानगी मागत होता आणि मला वाटलं, आला ठिकाणावर. मी म्हणालो, “मोड ना. पन सभेपुढं मोड. बरा हो, अमरावतीले ये, मी सोता तुह्या बाजूनं उभा राहीन.” त्यानं भिंतीला पुन्हा पाठ टेकवली. “बरं,” म्हणाला. मग मार्था आली, तिनं त्याला पाणी पाजलं, मी गाडीची वेळ झाली म्हणून उठलो. आमची ती शेवटची भेट.

मातीच्या वेळी जादूघराचे तीन साहेब आले होते. कुंपणापाशी पांढरे हातमोजे घालून उभे राहिले आणि प्रत्येकाने बाभळीची एक डहाळी खड्ड्यात टाकली. त्यांच्यातली ती रीत असावी. ते गेल्यावर करीम जमादार माझा हात धरून मला बाजूला घेऊन गेला. “मास्तर, झूट नाही बोलत. कसम मी नाही खाल्ली, मी तं नोकर. इतवारी कारखाना बंद राह्यते. साहेबानं मले बोलावलं. सदाशिवभाऊच्या डोयाले पट्टी, गयात दोरी. गठाणीच्या पेटीत उतरोलं त्याले, वरून रुई टाकली. हरेक नव्या भाऊले असंच करते म्हने, डर निंघते. मले म्हने दाब फिरव, दोन फेरे. मी दोन मारले. तिसरा त्याइच्यातल्याच एकानं हासत हासत मारला... मले आवाज आला, मास्तर. मी कापसाच्या कामात म्हातारा झालो, कापसाचा असा आवाज नसते.”

ज्या पेटीत चार माणसं कापूस तुडवतात आणि वरून मळसूत्राच्या दाबाने त्याची दगडासारखी गठाण होते, त्या पेटीत माझ्या बहिणीच्या नवऱ्याला घातलं होतं. भाऊ करून घेण्यासाठी. मी तसाच डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मोडलेली बरगडी आत रुतून छातीत पू झाला असणार, म्हणाले. महिनाभर आधी कळलं असतं तर तो काढता आला असता. “मी त्याला विचारलं होतं,” असं ते दोनदा म्हणाले. मीही विचारलं होतं. सगळ्यांनीच त्याला विचारलं होतं.

या मासिकाच्या चालकांनी मला मागेच लिहिलं होतं, की ख्रिस्ती माणसाने अशा गुप्त मंडळ्यांत जावं की न जावं यावर आपला विचार कळवा. सदाशिव तेव्हा जिवंत होता आणि मी आठ पानं लिहून ठेवली होती. ती परवा चुलीत घातली. आता कळवतो, वरातीमागून घोडं असलं तरी. जाऊ नये. भाऊ म्हणायच्या आधी ज्यांना माणसाला घाबरवून बघावं लागतं त्यांच्यात जाऊ नये, आणि माणूस कण्हत असतानाही पाळावी लागते ती शपथ घेऊ नये. पण हे लिहायला मी कोण? त्यांनी शपथ घालून त्याचं तोंड बंद केलं, आम्ही भाकर अडवून ते उघडायला बघितलं आणि मधल्या मधे माणूस गेला. त्यांच्यातला तो तिसरा फेरा मारणारा निदान हसत होता, त्याला कळत नव्हतं. मी गंभीर होतो. मला सगळं कळतं असं मला वाटत होतं. रात्रंदिवस हेच डोक्यात आहे. प्रार्थनेला बसलो तर शब्द येत नाहीत आणि पाद्रीसाहेब म्हणतात की देव क्षमा करणारा आहे. असेल. सदाशिवने कोणाकडे मागायची होती ती?

आमच्या प्रार्थनेच्या खोलीत भाकर बंद झालेल्या माणसाने दारालगतच्या सतरंजीवर बसायचं अशी रीत आहे. भाकर बंद झाल्यावरही सदाशिव दोन महिने अकोल्याहून येत राहिला आणि त्या जागी बसला. मिळणार काही नाही हे माहीत असून यायचा. उजव्या खांद्यावर भार टाकून, भिंतीला टेकून, ताट सगळ्यांपुढून फिरून संपेपर्यंत बघत राहायचा आणि मग सगळ्यांबरोबर उठून ‘आमेन’ म्हणायचा. आता मार्था आमच्याकडे राहते. गेल्या प्रभुभोजनाला ती बायकांच्या बाजूला गेली नाही, त्या सतरंजीवर जाऊन बसली. ताट माझ्या हातात होतं. मी तिच्यापुढे वाकलो.

“पुढं न्या, भाऊ,” ती म्हणाली.

मी तसाच वाकून राहिलो. ती सावकाश, सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली. “मले ठाऊक होतं. त्यानं पयल्याच दिवशी सांगतलं होतं मले. डाक्टर पुसे तवा मी बाजूलेच उभी होती.”

“मंग बोलली कावून नाही, मार्था?”

“तो बोलू नाही दे. म्हने, डाक्टरले सांगतलं तं पाद्रीसाहेबाले कळन, मंग तुमाले कळन, अन तुमी त्याले पुन्हा सभेत उभं करसान. शपथही मोडन अन शपथ मोडली म्हनून भाकरही नाही भेटन.” तिनं पदर सारखा केला. “अन मी त्या दोन्ही खेपा तुमच्या हातची भाकर खाल्ली, भाऊ. त्याच्यापुढं बसून.”

मी ताट पुढे नेलं.