आटत्या तळ्याचा काठ

वसाहतीतले सगळे त्यांना ब्रेककाका म्हणत. उभा जन्म बस चालवण्यात गेला, आणि पुढच्या वळणावर काही असो-नसो, काकांचा पाय आधी ब्रेकवर जायचा. घाईतले प्रवासी कुरकुरायचे, पण त्यांच्या गाडीत कुणाला साधं खरचटलंही नाही. निवृत्तीनंतर गाडी गेली, सवय राहिली. "जिना मी उतरते, आणि ब्रेक हे दाबतात," असं काकू हसून सांगायच्या.

त्या उन्हाळ्यात काकूंची धाकटी बहीण आणि तिचा नवरा सुट्टीला आले. साडू घरं रंगवण्याची कामं घेणारा, गडगडाटी हसणारा माणूस. दरवर्षी चौघं मिळून डोंगरावर जायचे. यंदा उन्हाचा असा कहर की प्रवासाचं नाव काढवत नव्हतं. काका म्हणाले, "काखेत कळसा आणि गावाला वळसा कशाला? आपलं तळं आहे की."

मग काकांच्या शिस्तीत सुट्टी सुरू झाली. सकाळी ऊन चढायच्या आत झाडांखालून फेरी, दुपारी घरात पत्ते, संध्याकाळी तळ्याकाठी सतरंजी. प्रत्येकाच्या डोक्यावर टोपी, प्रत्येकाच्या हाती पाण्याची बाटली. साडू म्हणायचा, "अहो साडूभाऊ, सहलीला आलोय की परेडला?" पण मजा त्यालाही येत होती.

तळं मात्र रोज मागे सरकत होतं. आधी पायऱ्या उघड्या पडल्या, मग पायऱ्यांखालचा शेवाळलेला दगड, मग नुसता काळा गाळ. होडीवाल्याच्या होड्या कोरड्यावर आडव्या झाल्या. वारा पडला की कुजक्या माशांचा वास थेट खिडकीपर्यंत यायचा. पक्षी कधी दिसेनासे झाले, कुणाच्या लक्षातही आलं नाही. एका संध्याकाळी काकांना ती शांतता एकदम ऐकू आली.

गाळ वरून वाळून तडकला, तसे लोक त्याच्यावर उतरू लागले. रोज सतरंज्या थोड्या पुढे. तळ्याच्या मधोमध बेटावर एक दगडी चौथरा होता. आजवर तिथे होडीनेच जाता यायचं, आता तो हाकेच्या अंतरावर आल्यासारखा वाटत होता. काकांनी एक धोंडा उचलून पुढे फेकला. आवाज आला तो जमिनीचा नव्हता. आत काहीतरी ओलं, पोकळ असल्यासारखा.

"इथून पुढे नको," काका म्हणाले.

"इतकी माणसं बसलीत की," साडू म्हणाला. "चौथऱ्याला हात लावून येतो. तुम्ही इथून ब्रेक दाबत बसा."

काकूही हसल्या. काकांना आणखी बोलायचं होतं, पण पाहुण्याचा हिरमोड कितीदा करायचा, म्हणून ते सतरंजीवर टेकले. साडू शीळ घालत निघाला. पाठमोरी आकृती लहान होत गेली. शेवटच्या सतरंजीच्या पुढे गेल्यावर त्याच्या पावलांचे ठसे काळे उमटू लागले. काकांनी ते पाहिलं आणि ताडकन उठले.

"मागे फिरा!"

साडूने वळून हात हलवला, आणि तेवढ्यात त्याची उंची कमी झाली. गुडघ्यापर्यंत. आधी तो हसलाच. एक पाय उपसायला त्याने दुसऱ्यावर भार दिला आणि मांडीपर्यंत गेला. मग शीळ नाही की हसू नाही. मेहुणी धावत सुटली, तिला काकूंनी मिठी मारून धरलं.

काका ओरडत होते, "धडपडू नका! पाठीवर रेला, हात पसरा!" साडू कमरेपर्यंत गेला होता. चार माणसं त्याच्याकडे धावली. पुढच्याचा पाय घोट्यापर्यंत रुतला आणि सगळी जागच्या जागी थिजली.

"होडी," होडीवाला म्हणाला.

सपाट बुडाची एक होडी त्यांनी गाळावरून ढकलत नेली. कडक पापुद्रा संपला तिथे काका आणि होडीवाला तिच्यात पालथे पडले आणि वल्ह्यांनी रेटत पुढे सरकले. जवळ पोचले तेव्हा गाळ साडूच्या छातीला लागला होता. तोंडाला कोरड पडलेली, डोळे मोठे. "खाली कुणीतरी धरून ठेवलंय," तो पुटपुटला.

"कुणी नाही. गाळ आहे नुसता. माझ्याकडे बघा," काका म्हणाले. खरं तर त्यांचंच तोंडचं पाणी पळालं होतं.

काखेखालून दोर घातला. होडीवाला हातांनी गाळ उपसत राहिला. ओढलं की गाळ सुटल्यासारखा वाटायचा आणि पुन्हा आवळायचा. सूर्य मावळला तेव्हा एक मोठा चोखल्यासारखा आवाज झाला आणि साडू होडीत आला. पॅन्ट आणि बूट खालीच राहिले. काठावर कुणीतरी हसायला तोंड उघडलं, पण त्याचा चेहरा पाहून मिटलं.

साडू बरा झाला. पण आठवडाभर तो खोलीतल्या फरशीवरही पाय चाचपून टाकायचा. निघताना काकांचा हात धरून नुसता उभा राहिला.

काकांनी कडक जमिनीच्या कडेने खुंट्या ठोकून दोरी बांधली, तिला लाल चिंध्या लावल्या. थोडे दिवस लोक मानत होते. मग एका सकाळी दोरी नव्हती. कपडे वाळत घालायला कुणीतरी नेली म्हणे. काकांनी दुसरी बांधली. पाणी तोवर आणखी आत गेलं होतं.

परवा संध्याकाळी दोरीच्या पलीकडे एक जोडपं सतरंजी पसरत होतं. काका खाली उतरले. "जरा अलीकडे बसता का?" त्यांनी विचारलं.

"का हो? चांगली कडक आहे की जमीन," असं म्हणत त्या माणसाने टाच आपटून दाखवली.

काका दोरीपाशीच उभे राहिले. आपटलेल्या टाचेखाली एक बारीक भेग पडली होती, आणि तिच्यात हळूहळू पाणी झिरपत होतं.