निजवलेलं तेल

अमेय, सई,

गेल्या रविवारी फोनवर अमेयने त्याच्या नव्या नोकरीचं सांगितलं. कंपनीच्या मालमोटारींना आणि खोदकामाच्या यंत्रांना डिझेल कुठे जास्त लागतं ते शोधायचं आणि ते कमी करायचं, एवढंच त्याचं काम. मग हसून म्हणाला, "आजी, तुला हे ऐकून कंटाळा येत असेल." मला कंटाळा आला नाही. त्याच आठवड्यात जऊळक्याहून कळलं होतं की रस्ता रुंद करताना आमच्या जुन्या जिनाची उरलेली भिंतही पाडली. तेव्हा तेलबुवांविषयी लिहायचं तर ते आताच. त्यांना पाहिलेली माणसं आता फारशी राहिलेली नाहीत.

जिन म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणारा कारखाना. कारंज्याच्या एका शेटजींनी तो जऊळक्याच्या स्टेशनालगत बांधला होता आणि माझे वडील, नाना, तिथे मॅनेजर होते. सगळी यंत्रं एका मोठ्या तेलाच्या इंजिनावर चालत. आज तुम्ही डिझेल म्हणता, त्याला तेव्हा सगळे क्रूड म्हणत. ते आगगाडीने लोखंडी पिंपांतून यायचं. स्टेशनातून पिंपं गडगडत आणणं, कोठीत मांडणं, इंजिनाला रोजचं तेल मोजून देणं आणि त्यातला थेंबही वाया जाऊ न देणं, हे काम तेलबुवांचं.

ते पिंपाशी बोलत. हे मी अतिशयोक्ती म्हणून सांगत नाही. सकाळी कोठी उघडली की ते एकेका पिंपाजवळ उकिडवे बसत आणि हाताची मागची बाजू वरून खाली हळूहळू फिरवत. आत तेल असेल तिथवर पत्रा गार लागतो, रिकाम्या भागाचा लवकर कोमट होतो. हात एका जागी थांबायचा. मग ते पिंपाला विचारत, "काल इंजनानं इतलं काहून पिलं रे?" आणि उत्तर मिळाल्यासारखी मान हलवत. मी लहानपणी त्यांची नक्कल करत असे. माझ्या हाताला सगळं पिंप सारखंच गार लागायचं.

माणूस गरीब स्वभावाचा मुळीच नव्हता. उंच, काटक, आवाज खणखणीत, आणि स्वतःचं खरं करण्याची भारी हौस. रिठदहून ते जिनात हमाल म्हणून आले होते, पण आता इंजिनाच्या फिटरलाही सुनवत. नानांनाही सोडत नसत. कापसाच्या गाड्या पुरेशा जमल्या नसताना इंजिन सुरू केलं की ते थेट कचेरीच्या दारात उभे राहत. "नानासाहेब, इंजन रिकामं बोंबलून राह्यलं. वाऱ्याले पीठ दळता काय तुमी?" नाना हसत आणि पुढच्या दिवशी गाड्या जमेपर्यंत थांबत. गाडीवान मात्र चिडायचे. तेव्हा बुवा नळाखाली ठेवलेल्या परातीत साठलेलं ठिबकलेलं तेल घेऊन जात आणि त्यांच्या गाड्यांच्या आसांना लावून देत. तेवढ्यावर भांडण मिटायचं.

जेवताना ते नेहमी धुराड्याकडे तोंड करून बसत. धूर काळा झाला की भाकरी तशीच टाकून पळत. काळा धूर म्हणजे न जळलेलं तेल, ते छपराबाहेर जातंय, असं त्यांचं म्हणणं. एकदा पंगतीत वाढत असताना त्यांचा हात माझ्या आईच्या ताटावर थांबला, नजर खिडकीबाहेर गेली आणि वरणाचं भांडं आईच्या हाती देऊन ते गेलेसुद्धा. आई म्हणाली की या माणसाचं लग्न इंजिनाशीच लागलंय. बायको केव्हाच वारली होती, म्हणून तिने ते हळू आवाजात म्हटलं.

पण त्यांचा सगळ्यात मोठा नियम वेगळा होता. आलेलं पिंप लगेच उघडायचं नाही. लाकडाच्या ओंडक्यांवर किंचित कलतं ठेवायचं आणि तसंच पडून राहू द्यायचं. पाणी, गंज, माती सगळी मागच्या कडेला तळाशी बसते आणि वर नितळ तेल राहतं. त्यातलंही शेवटचं चार बोटं तेल घ्यायचं नाही. "तेलाले निजू द्या. झोपमोड केली का मंग ते गाळ घेऊन उठते," असं ते म्हणत. फिटर त्यांची चेष्टा करायचा. कोठीजवळून जाताना बोट ओठांवर ठेवून म्हणायचा, "हळू चाला बाप्पा, बुवाच्या बाळंतिनी झोपल्या." बुवा रागावत नसत. त्या नियमामुळे आमचं इंजिन कधी अडलं नव्हतं, आणि हे फिटरलाही ठाऊक होतं.

मग लढाई आली, दुसरं महायुद्ध. क्रूड परमिटवर मिळू लागलं आणि परमिट दर खेपेला आखूड व्हायचं. शेटजींचा दुसरा कारखाना अकोल्याकडे होता, तिथे इंजिन जुनं झालं होतं आणि परमिट मात्र मोठं होतं. त्या दिवाळीत शेटजी आले आणि नानांना शांतपणे म्हणाले की जऊळक्याचं इंजिन या हंगामात तेलावाचून बंद उभं राहिलं तर ते उचलून तिकडे नेईन. दोन ठिकाणी अर्धंअर्धं काम चालवण्यात त्यांना अर्थ वाटत नव्हता. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

यंत्रांवर कापूस घालायला साठेक बायका होत्या. पावसाळ्यानंतरचं त्यांचं पोट त्या कामावर होतं. त्यांतली एक तेलबुवांची मुलगी कौसल्या. नवरा गेल्यावर दोन मुलांना घेऊन ती बापाकडे आली होती. माझ्याहून फार मोठी नव्हती. बोलायला कमी, हाताला चपळ. शेटजींचं बोलणं फाटकापर्यंत पोचायला वेळ लागला नाही. बायका बुवांभोवती जमल्या. त्यांनी सगळ्यांसमोर छातीवर हात ठेवून सांगितलं, "होळीपावतर हे इंजन उभं राहनार नाई. हा माह्या शब्द हाय." मी तेव्हा दिवाळीच्या सुटीत अमरावतीच्या शाळेतून घरी आले होते. तो शब्द मी ऐकला आहे.

शब्द पाळण्यासाठी त्यांनी काय केलं नाही? पट्टे घट्ट केले, सगळी यंत्रं एकदम सुरू आणि एकदम बंद करायची शिस्त लावली, दुपारी इंजिन बंद ठेवायला लावलं. तरी नवं साल लागेपर्यंतचंच तेल दिसत होतं. तेव्हा त्यांनी तेल्याकडून मोहाच्या बियांचं तेल आणवलं आणि क्रूडमध्ये मिसळून पाहिलं. इंजिन चाललं. धूर जरा गोडसर वासाचा यायचा, एवढंच. नानांनी फिटरला विचारलं, फिटरने खांदे उडवले. हळूहळू मोहाचं तेल वाढत गेलं आणि क्रूड पुरत गेलं. बुवांची मान एवढी ताठ कोणी कधी पाहिली नव्हती, असं आई नंतर सांगे. मालगाडीच्या गार्डालाही थांबवून ते सांगत की आमचं इंजन आता रानातल्या झाडावर चालते.

कौसल्याने त्यांना एकदा हटकलं होतं. बायका थंडीत पायांच्या भेगांना तेच मोहाचं तेल लावत, आणि ते आधी चुलीजवळ ठेवून पातळ करावं लागे. ती म्हणाली, "बाबा, हे थिजते." बुवा हसले. "अवं, इंजन चुलीवानी तापते. त्याले कायची थंडी?" आणि खरंच, इंजिन रोज चालत होतं, कोठीतलं तेल रोज हलत होतं, तोवर काही झालं नाही.

नाताळच्या सुटीत मी पुन्हा घरी आले तेव्हा कडाक्याची थंडी पडली होती. त्यातच शेटजींची आई वारली आणि जिन दुखवट्यासाठी काही दिवस बंद राहिलं. ही एकच संधी आहे असं बुवांना वाटलं. हंगामभर घाईघाईने तेल काढावं लागलं होतं, पिंपांना विसावा मिळाला नव्हता. त्यांनी सगळं मिश्रण पिंपांत भरलं, ओंडक्यांवर कलतं ठेवलं, कोठीला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला लावली. कोठीकडे कोणी फिरकायचं नाही असा हुकूम सोडला. मला म्हणाले, "बाई, आता निवांत निजू दे त्याले."

क्रूडला विश्रांती हवी होती, ते बरोबर होतं. पण मोहाचं तेल थंडीत निवांत पडलं की त्याचा लोण्यासारखा गोळा होऊन खाली बसतो. त्याला हलवत राहायला हवं होतं, ऊब द्यायला हवी होती. ज्या नियमाने बुवांनी इतकी वर्षं इंजिन सांभाळलं, तोच त्यांनी या नव्या तेलालाही लावला. दुसरा नियम त्यांना माहीतच नव्हता.

जिन उघडलं त्या सकाळी बायका येऊन आपापल्या जागी बसल्या होत्या. नेहमीप्रमाणे इंजिनाचं डोकं मोठ्या ज्योतीच्या दिव्याने तापवलं, चाक फिरवलं, ते दोनदा धापा टाकून थांबलं. नळी पिवळ्या गोळ्यांनी बंद झाली होती. फिटरने गरम पाण्याचे फडके गुंडाळून ती मोकळी केली आणि पुन्हा चाक फिरवलं. इंजिन सुरू झालं, पण ठोके वेडेवाकडे पडत होते. उरलेल्या गोळ्यांनी तेल फवारणारं आतलं तोंड बुजत होतं आणि तेल उडण्याऐवजी धारेने पडून एकाच जागी जळत होतं. धुराड्यातून काळाभोर धूर निघाला. मी अंगणात होते. बुवा कोठीकडून हात वर करून धावत आले आणि ओरडले, "बंद करा, बंद करा." फिटरने हात घालेपर्यंत आतून एक आवाज आला, मडकं फुटावं तसा. इंजिनाच्या डोक्याला आरपार चीर गेली होती.

तो भाग विलायतेहून यायचा. लढाईच्या दिवसांत तो येणार नाही, हे सांगायला कोणाची गरज नव्हती.

बुवांना कोणीच रागावलं नाही. नाना रागावले असते तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं. शेटजींनी निरोप पाठवला की अकोल्याकडच्या कारखान्यात कारागीर आहेत, जुन्या इंजिनाचं डोकं याला बसवता आलं तर बघतील, इंजिन पाठवा. बायका आठवडाभर सकाळी येऊन फाटकाशी बसत राहिल्या. मग एकेक जण यायची थांबली. कोणी खडी फोडायला गेली, कोणी कोणाच्या शेतात मिळेल तेवढ्यावर. कौसल्या मुलांना घेऊन मिलच्या कामाला बाहेरगावी जाणाऱ्या घोळक्याबरोबर निघाली. गाडीत चढताना तिने बापाच्या हातात फडक्यात बांधलेली भाकरी दिली आणि एवढंच म्हणाली, "थिजते म्हटलं व्हतं ना, बाबा." आवाजात राग नव्हता. बुवांनी मान खाली घातली. ती पुन्हा आली नाही. त्यांनी दोन वेळा जाऊन शोधलं, मिलच्या फाटकावर उभे राहिले, कोणाला काही सांगता आलं नाही.

इंजिन मालगाडीच्या उघड्या वाघिणीवर चढवलं त्या दिवशी मी नानांबरोबर स्टेशनात होते. शाळेला परत जायची माझी वेळही तीच होती. साखळदंड बांधणाऱ्या मजुरांना बाजूला सारून बुवा वर चढले आणि टाकी पूर्ण रिकामी आहे ना, हे त्यांनी हाताची मागची बाजू फिरवून पाहिलं. हात वरपासून खालपर्यंत कुठेच थांबला नाही. खाली उतरून ते माझ्याकडे आले. मला वाटलं, नेहमीसारखं शाळेबद्दल काही विचारतील. ते म्हणाले, "बाई, साऱ्याईचे दिवस म्याच खाल्ले." गाडी हलली तरी ते रुळाकडे बघत उभे होते.

नानांनी त्यांना काढलं नाही. ते रोज कोठी उघडत, रिकाम्या पिंपांजवळ उकिडवे बसत आणि हात फिरवत. पिंपांशी बोलणं मात्र थांबलं होतं. पुढच्या उन्हाळ्यात मी आले तेव्हा कोठीला कुलूप होतं. ते रिठदला परतले आणि पावसाळा लागण्याआधी वारले, असं आईने मला भाजी निवडताना सांगितलं. त्यांना काही आजार नव्हता, असंही ती म्हणाली. नानांनी नंतर कधीही घरात त्यांचं नाव काढलं नाही. अकोल्याकडे ते इंजिन पुन्हा चाललं की नाही, हेही आम्हाला कळलं नाही.

अमेय, तू तुझ्या कामात डिझेल वाचवशील आणि चांगलं वाचवशील. बुवांनीही वाचवलं. वाचलेल्या तेलाच्या पलीकडे कोण बसलंय ते त्यांना पक्कं माहीत होतं, आणि तरीही असं झालं. यावरून काय शिकायचं ते मला सांगता येत नाही. इतक्या वर्षांत मला सापडलेलं नाही.

जिन गेलं, कोठी गेली, भिंतही आता गेली. ज्या चौथऱ्यावर इंजिन बसवलेलं होतं तो फोडायला कठीण म्हणून रस्त्याच्या कडेला तसाच सोडला आहे, आणि जऊळक्याहून निरोप आणणारा सांगत होता की उन्हात तापला की त्याला अजून तेलाचा वास येतो.