शैलजाबाईंचा बंद कुकर

चंदीगढच्या पंधरा सेक्टरात शैलजा सबनीस म्हणून विचारलं असतंत तर कुणी हात वर करून घर दाखवलं नसतं. 'सूपवाली आंटी' म्हटलं की मात्र इस्त्रीवाल्यापासून दूधवाल्यापर्यंत सगळे तुम्हाला बरोबर त्या जिन्याखाली आणून सोडत. त्यांचे यजमान विश्वनाथराव युनिव्हर्सिटीत रसायनशास्त्र शिकवायचे, पण गल्लीत त्यांची ओळख 'सूपवाली आंटी के साहब' एवढीच होती. हे त्यांना फारसं रुचत नसे.

बाई मूळच्या मिरजेच्या. वडील कंपाउंडर, घर दवाखान्याला लागून. बाहेरगावच्या रोग्यांना पेज, कढण, पातळ खिचडी करून द्यायची ही आईची रीत, आणि त्यात आपण काही उपकार करतो असं त्या माउलीला कधी वाटलं नाही. शैलजाबाई लग्न होऊन चंदीगढला आल्या तेव्हा बरोबर भाषा आली नाही, नातेवाईक आले नाहीत, पण ही रीत आली. मोठं हॉस्पिटल घरापासून चालत जाण्याजोगं. कुणा सैन्यातल्या मराठी साहेबाची बायको बाळंत झाली, कुणा विद्यार्थ्याला कावीळ झाली, कुणाच्या पोटाचं ऑपरेशन झालं, की बाईंचा कुकर चढलाच.

आणि खर्च तरी काय म्हणता? मटार सोलून झाले की लोक टरफलं गाईला घालतात. बाई ती धुऊन, आलं आणि चार मिरी टाकून कुकरला लावत, मग वाटून गाळून घेत. असं हिरवंगार सूप निघे की खाणाऱ्यानं विचारावं, मटार किती घातले? हिवाळ्यात शलगम नावाचा कंद मातीमोल मिळे. शलगम, लाल गाजर, मूठभर मसूर डाळ, एक कांदा. पहिली शिट्टी मोठ्या आचेवर, मग आच बारीक करून डाळीचं मेण होईपर्यंत विसरून जायचं. वरून तूप-जिऱ्याची फोडणी. खाटकाकडून हाडांच्या नळ्या मिळाल्या तर त्याही त्यातच. विश्वनाथराव म्हणत, "तुझ्या कुकरात काय काय जातं ते रोग्याला कळलं तर तो बरा व्हायच्या आधीच पळेल." बाई म्हणत, "पळाला म्हणजे बराच झाला की."

एका गोष्टीत मात्र बाई कुणाचं ऐकत नसत. सूप डब्यात भरून न्यायचं नाही. चंदीगढच्या थंडीत डबा अर्ध्या वाटेतच गार पडतो. गॅसवरून उतरवलेला कुकर तसाच, शिट्टीसकट, आईच्या जुन्या लुगड्यांच्या गोधडीत गुंडाळायचा, गाठ मारायची आणि चालू लागायचं. वाटेत आत सूप मुरत राहतं, वाफ आपली आपण बसते, आणि हॉस्पिटलात झाकण काढलं की रोग्याच्या तोंडाला चटका बसेल इतकं गरम. कुकरचं झाकण आतून बसणारं होतं. आत वाफ असेतो भीमानं ओढलं तरी ते निघत नसे. याचा बाईंना कोण अभिमान! "माझा कुकर वेळ झाल्याशिवाय तोंड उघडत नाही," असं त्या सांगत.

एक्क्याण्णव सालचा जानेवारी. खलिस्तानी अतिरेकाच्या त्या वर्षांत चंदीगढमध्ये राहणं म्हणजे दिवसाढवळ्या जीव मुठीत घेऊन राहणं होतं. संध्याकाळ झाली की बाजार ओस. चौकाचौकात वाळूची पोती रचलेली आणि त्यांमागे बंदुका. बसमध्ये, सिनेमाच्या पडद्यावर, हॉस्पिटलच्या भिंतीवर एकच ताकीद: बेवारस वस्तूला हात लावू नका. ट्रान्झिस्टर असो, पिशवी असो, डबा असो. आणि अशा शहरातून शैलजाबाई फुसफुसणारं गाठोडं कुशीत घेऊन रोज नाका ओलांडून जात. जवान म्हणत, "राम राम, माताजी." बाई म्हणत, "जीते रहो." त्यांना कुणी कधी थांबवलं नाही, आणि का थांबवत नाहीत हा प्रश्न त्यांना कधी पडला नाही.

त्या हिवाळ्यात कुकर चढत होता तो घरमालकिणीसाठी. खालच्या मजल्यावर बीजी राहायच्या, सत्तरीच्या, विधवा, घराचा आधार एकच मुलगा हरचरण. हरचरणसिंग कॅपिटॉल कॉम्प्लेक्समधल्या सचिवालयात कारकून होता. पस्तिशीचा, मुलखाचा भिडस्त, सायकलवरून उतरून शेजाऱ्याला सत श्री अकाल करणारा. चौऱ्याऐंशी सालच्या शीखविरोधी दंगलींनंतर तो फारसा कुठे जात नसे. ऑफिस, घर, गुरुद्वारा, झालं. बीजींच्या आतड्याचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी पातळ पदार्थांवर ठेवलं होतं. म्हातारी हॉस्पिटलचं पाणीदार सूप तोंडातून थुंकून टाकायची, पण शैलजाबाईंचं सूप वाटी चाटूनपुसून प्यायची.

मग एका दिवशी बाईंनाच ताप भरला. अंग असं मोडून आलं की जिना उतरवेना. कुकर मात्र त्यांनी चढवलाच. हरचरण ऑफिसातून आला, वर येऊन म्हणाला, "आंटीजी, मैं ले जाता हूँ. आप आराम करो."

गोधडीची गाठ मारताना बाईंच्या लक्षात आलं की तो कुकरकडे जरा अवघडून बघतोय.

"डिब्बे में डाल दूँ, आंटीजी?" त्यानं हळूच विचारलं.

"डिब्बे में ठंडा होता है. बीजी पियेंगी नहीं. बंद ही ले जाओ, बीच में खोलना नहीं."

"वो... नाके पे..."

"नाके पे मैं रोज जाती हूँ. कुछ नहीं होता."

हरचरणनं मान डोलावली. मोठ्या माणसाला उलट बोलायची त्याला सवय नव्हती. गाठोडं छातीशी धरून तो जिना उतरला. बाईंनी खिडकीतून पाहिलं तेव्हा धुक्यात त्याची निळी पगडी तेवढी दिसत होती. मग त्या पांघरूण ओढून पडल्या.

त्यांना जाग आली ती रघुनाथच्या हाकांनी. रघुनाथ हा उत्तर प्रदेशातला भाजीवाला, त्याची गाडी चौकाच्या तोंडाशी असे. जिन्यातूनच तो ओरडत होता. "बीबीजी, सरदारजी को पकड़ लिया! बहुत मारा!"

त्यानं धापा टाकत सांगितलं ते असं. जवानांनी हरचरणला अडवलं. गाठोड्यात काय? सूप. उघड. आता उघडणार नाही, जी. का उघडणार नाही? आणि त्याच वेळी आतून फुस्स झालं. जवानांची पाचावर धारण बसली. बंदुका रोखल्या गेल्या. हरचरण बिचारा समजावायला गेला, की जी, आधी वाफ काढावी लागते, आणि त्यानं शिट्टीला हात घातला. वाफेचा फवारा उडाला तसा एकानं त्याला मागून बंदुकीच्या दस्त्यानं पाडला. मग सगळेच तुटून पडले.

शैलजाबाई तापाच्या अंगानं उठल्या आणि शाल घेऊन दाराकडे निघाल्या. विश्वनाथराव आडवे आले. "शैला, कुठे निघालीस? हे त्यांचं आपसातलं प्रकरण आहे. आपण परमुलखातली माणसं. सुक्याबरोबर ओलंही जळतं, कळतंय का तुला?"

"अहो, कुकर माझा आहे."

"म्हणूनच म्हणतोय, जाऊ नकोस!"

"तो डब्यात नेतो म्हणाला होता. मी नेऊ दिलं नाही." एवढं बोलताना बाईंना रडू फुटलं. विश्वनाथरावांनी खुंटीवरचा मफलर काढला आणि ते बायकोच्या मागोमाग जिना उतरले. भित्रे होते, पण माणूस वाईट नव्हता.

चौक रिकामा केलेला. दोरी बांधलेली. मधोमध रस्त्यावर कुकर, झाकण लागलेलाच, शेजारी चिखलात गोधडी, आणि भोवती घाईघाईनं रचलेली पोती. दोरीपलीकडे जवान बॉम्बवाल्या पथकाची वाट बघत उभे. बाई दोरीखालून वाकून सरळ आत गेल्या.

"माताजी, रुको! बम है!"

"बम नहीं है," बाई म्हणाल्या, "शलगम है."

त्यांनी वाकून शिट्टी काढली. वाफ केव्हाच बसली होती. गोधडी सुटल्यावर त्या थंडीत तो कितीसा तग धरणार? झाकण एका बोटानं निघालं. तासाभरापूर्वी जे पैलवानालाही काढता आलं नसतं ते आता चिमुरड्या पोरानं काढलं असतं. शलगमाचा, जिऱ्याचा वास धुक्यात पसरला. जवान एकेक करून पुढे आले आणि कुकरात डोकावून बघू लागले. कुणीतरी हसलं. त्या हसण्याचा शैलजाबाईंना इतका संताप आला की हातातलं झाकण त्याच्या तोंडावर फेकावं असं वाटलं.

"हरचरण कहाँ है?"

"उसको पूछताछ के लिए आगे भेज दिया," त्यांचा अंमलदार म्हणाला. "अब हमारे हाथ में नहीं है."

"अरे, ये तो सूपवाली माताजी हैं," एक जवान मध्येच बोलला. "रोज जाती हैं यहाँ से."

बाई त्याच्याकडे वळल्या. "रोज जाती हूँ ना? यही बर्तन, यही कपड़ा. मुझे कभी बोला, खोलो?"

जवानाला प्रश्नच कळला नाही. तो अगदी साधेपणानं म्हणाला, "आपको क्यों बोलेंगे, माताजी?"

बाईंना इतकी वर्षं वाटत होतं की कुकर निरुपद्रवी आहे हे साऱ्या चंदीगढला ठाऊक आहे. निरुपद्रवी दिसत होतं ते त्यांचं कुंकू आणि पाचवारी पातळ. तेच गाठोडं पगडीवाल्याच्या छातीशी गेलं की दुसरं काहीतरी होतं, हे हरचरणला माहीत होतं. त्यानं तसं सुचवूनही पाहिलं होतं. जवानांचा त्यांना राग आला, पण त्याहून जास्त स्वतःचा आला, आणि चौकातल्या त्या पोत्यावर बसून त्या हुंदके देऊन रडल्या.

बीजींना त्या दिवशीपासून खोटं सांगणं सुरू झालं. "चरण कित्थे?" म्हातारी विचारायची. बाई वाटीत सूप ओतत म्हणायच्या, "दफ्तर में काम बहुत है, बीजी." बीजी वाटी घ्यायच्या, पण नजर दाराकडे. विश्वनाथराव युनिव्हर्सिटीतल्या ओळखीच्यांना घेऊन या कचेरीतून त्या कचेरीत हिंडत होते. जो तो सांगायचा, असा कुणी आमच्याकडे नाही. त्या काळात कितीतरी घरांना हेच उत्तर मिळत होतं, आणि त्यातल्या कितीतरी घरांत मुलगे परत आले नाहीत. शैलजाबाईंनी अन्न जवळजवळ टाकलंच. म्हातारीला तिचा मुलगा परत मिळावा, एवढंच त्या देव्हाऱ्यापुढे मागत होत्या. कसाही मिळो, असंही एकदा त्यांच्या तोंडून गेलं.

आणि तसाच तो मिळाला. थंडी ओसरू लागली होती. एका सकाळी फाटकाशी जीप थांबली, हरचरणला उतरवलं आणि निघून गेली. पगडी नव्हती. जबडा मोडलेला आणि वेडावाकडा सांधलेला, पुढचे दात गेलेले, एका कानानं ऐकू येईना. डॉक्टरांनी जबडा तारेनं बांधला आणि सांगितलं, कित्येक आठवडे पातळच द्यायचं, नळीनं ओढता येईल असं. बीजी तोवर घरी आल्या होत्या. त्यांनी लेकाच्या चेहऱ्यावरून एकदा हात फिरवला. मग शैलजाबाईंकडे त्या बघत राहिल्या. त्या बघण्यात राग असता तर बाईंना बरं वाटलं असतं.

आता सूप कुणासाठी करायचं हे वेगळं सांगायला नको. पहिल्या दिवशी बाईंनी कुकर लावला. शिट्टी झाली आणि पाठोपाठ खालून भांडं पडल्याचा आवाज आला. बीजी टाके सांभाळत, कठड्याला धरून जिना चढून वर आल्या. "पुत्त, ओह सीटी..." एवढंच त्या म्हणाल्या. बाईंनी गॅस बंद केला. कुकर त्यांनी धुतला, पुसला आणि माळ्यावर टाकला. त्या घरात पुन्हा शिट्टी झाली नाही.

मग बाईंनी रघुनाथकडून कोळसे आणवले, अंगणात अंगीठी पेटवली आणि पातेल्यात नळ्या, शलगम, डाळ घालून सकाळपासून मंद आचेवर ठेवलं. कुकरात झटपट होणाऱ्या सुपाला अख्खी दुपार लागली. त्यांनी ते पातळ फडक्यातून दोनदा गाळलं, मीठ बघितलं, पातेल्यावर झाकण ठेवलं आणि दोन्ही हातांनी धरून खालच्या खोलीत गेल्या.

हरचरण पलंगावर टेकून बसला होता. त्यानं बाईंना पाहिलं आणि ओळखीचं हसू डोळ्यांत आलं. मग नजर झाकणावर गेली. त्याचे दोन्ही हात आपोआप वर गेले, खांद्यांच्याही वर, तळवे उघडे. तारेमागून काहीतरी आवाज येऊ लागला. बाईंनी कान देऊन ऐकलं. तो म्हणत होता, "खोलता हूँ जी, खोलता हूँ."

शैलजाबाई तशाच मागे फिरल्या. झाकण त्यांनी बाहेर अंगणात ठेवलं, उघडं पातेलं घेऊन आत आल्या आणि त्याला आतलं दिसेल असं वाकवून त्याच्यासमोर धरून उभ्या राहिल्या. हात खाली यायला फार वेळ लागला. तोवर सूप गार झालं होतं. त्यानं ते नळीनं ओढून तसंच प्यायलं.