विरजण मागायला

आमच्या मसाटच्या चाळीत खोल्या आठ आणि मधल्या भिंती एका विटेच्या. त्यामुळं किस्से कुणाला गोळा करावे लागत नाहीत, बसल्या जागी कानावर येतात. कंपनी सुटल्यापासून मी घरीच असतो, तेव्हा माझ्याकडं जरा जास्तच साठलेत.

*

शेजारच्या खोलीत साक्रीकडची सुशीला राहायची. नवरा मारायचा. काठाला पोचा आलेली पितळी वाटी घेऊन ती माझ्याकडं विरजण मागायला यायची. एकदा सकाळी घेऊन गेली आणि दुपारी पुन्हा दारात.

मी म्हटलं, "अगं, सकाळीच दिलं ना?"

ती नुसती उभी राहिली. मी दार लोटलं. मग भिंतीपलीकडं सुरू झालं, तसा मी रेडिओ मोठा केला.

संध्याकाळपर्यंत सुशीला मेली होती.

पोलीस आले. आम्ही सगळे म्हणालो, "काही ऐकू आलं नाही, साहेब." तेवढ्यात तिसऱ्या खोलीत कुकरची शिट्टी झाली.

हवालदार म्हणाला, "ही ऐकू आली ना?"

नवरा जेलात गेला. तिचा भाऊ सामान न्यायला आला. पोतं मीच शिवून दिलं. वाटीसुद्धा त्यातच गेली.

*

त्यानंतर विमलताईनं, शाळेत खिचडी शिजवते ती, चाळीला रीत लावून दिली. कुठं मारझोड ऐकू आली की हातातलं काम टाकायचं, रिकामी वाटी घ्यायची आणि दार वाजवायचं. विरजणाला कुणी नाही म्हणत नाही, दार उघडावंच लागतं. उघडलं की जागचं हलायचं नाही.

चौथ्या खोलीत प्रकाश आणि रेखा नवे राहायला आले. पहिल्याच आठवड्यात आम्ही पाच जण पाच वाट्या घेऊन त्यांच्या दारात.

प्रकाश म्हणाला, "सगळ्यांचं दूध एकदमच तापलं का?"

"तुझ्याच आवाजानं तापलं, भाऊ," विमलताई म्हणाली.

*

एकदा फसलोही. पहिल्या खोलीतली म्हातारी गादी झोडपत होती आणि आम्ही सहा जण वाट्या घेऊन हजर. म्हातारीनं हसत हसत सगळ्यांना चमचा चमचा दही घातलं.

"माझं दही संपवलंत रे," म्हणाली. "सात वाट्या भरल्या."

विमलताईनं आम्हाला बोट लावून मोजलं. सहाच होतो.

*

मागच्या महिन्यात, भर दुपारी. सगळे पाळीवर गेलेले, विमलताई शाळेत, मी रेशनच्या रांगेत. चाळीत कुणी नाही हे बघूनच प्रकाशनं आतून कडी घातली.

मी परतलो तेव्हा चौथ्या खोलीचं दार सताड उघडं. पट्टा जमिनीवर पडलेला, प्रकाश कोपऱ्यात अंग चोरून बसलेला.

"आबा, ती गेली का?"

बाहेर ओट्यावर कुणी नव्हतं.

रेखाचं डोकं फुटलं होतं. या वेळी मी दार लोटलं नाही. फोन करून विमलताईला बोलावलं, रिक्षा केली. आधी सिल्वासाचा सरकारी दवाखाना आणि तिथून पोलीस चौकी, असं ठरलं.

रिक्षात रेखा हळूच म्हणाली, "आबा, बरं झालं त्या बाईला पाठवलंत."

"कुठल्या बाईला?"

"विरजणवाली. दार वाजवायची थांबेचना. यानं उघडलं, दही नाही म्हणून सांगितलं. तर म्हणाली, आबा येईपर्यंत उभी राहते." तिनं पिशवीत हात घातला. "वाटी राहिली बघा तिची. देऊन टाका."

मी वाटी घेतली. काठावरून अंगठा फिरवला. पोचा होता तिथंच होता.