गणपतीबरोबर गेलेली चांदणी

बेटावरच्या सूयाक गावात बसंतीला कुणी भित्री म्हटलं असतं, तर तिनं त्याची सालटी काढली असती. ऊसतोडीच्या टोळीत सरदाराशी, म्हणजे मुकादमाशी, भांडायला सगळ्या बायका तिलाच पुढे करायच्या. पण त्र्याऐंशी सालच्या ऑक्टोबरात मेलबर्नहून एक पत्र आलं आणि या बाईच्या तोंडचं पाणी पळालं.

पत्र सोलांजचं होतं. सोलांज म्हणजे एकेकाळची शेजारीण. क्रेओल, म्हणजे आफ्रिकी वंशाची, ख्रिस्ती, वीस वर्षं कुंपणाला कुंपण लागून राहिलेली. नवरा गास्तों गेल्यावर दोन वर्षांनी, बहात्तर साली, बहिणीनं तिला ऑस्ट्रेलियात बोलावून घेतलं. विमानातून नेता येईल तेवढं तिनं एका सुटकेसमध्ये भरलं आणि एक चहाची जुनी लाकडी पेटी बसंतीच्या ओट्यावर आणून ठेवली. तिच्यात नाताळचं सामान होतं. काचेचे रंगीत गोळे, चंदेरी माळा, कापसाचे दोन पक्षी, आणि झाडाच्या शेंड्यावर लावायची, गास्तोंनं बिस्किटांच्या डब्याच्या झाकणातून कापलेली चांदणी.

"एवढं सांभाळ," सोलांज म्हणाली होती. "घरातलं बाकीचं कुणाला दे, नाय तर जाळ."

आता बसंतीनं ते कसं सांभाळलं बघा. दर वर्षी इथल्या कोरड्या श्रावणात पेटी उन्हात उघडायची, प्रत्येक गोळ्याभोवतीचा जुना कागद काढून नवा गुंडाळायची, डांबराच्या गोळ्या टाकायची. क्लोदेत नावाच्या चक्रीवादळात छपराचे तीन पत्रे उडाले, तेव्हा सगळं घर टेबलाखाली आणि पेटी बसंतीच्या मांडीवर. "आयनं मला नाय, पेटीला धरलं होतं," असं तिची लेक सुनयना अजून सुनावते. खोटं नाही ते.

आणि एवढं करणाऱ्या बाईनं चांदणी घालवली ती स्वतःच्या हातानं. पत्र आलं त्याच वर्षीच्या गणपतीत.

झालं असं. मखर तयार होतं, मूर्ती बसायची होती, आणि देवामागची कागदाची प्रभावळ रात्रीच्या पावसानं गळून लगदा झाली. भटजी येऊन बसलेले. बसंतीला पेटी आठवली. दीड दिवसाचा तर प्रश्न, देवाचंच काम, पुन्हा पुसून ठेवू, असं म्हणत तिनं चांदणी काढली आणि मूर्तीच्या पाठीला तारेनं आवळून बांधली. पडू नये म्हणून तीन वेढे दिले. कसली अक्कल!

देव इतका शोभला की अख्खी गल्ली बघायला आली. दुसऱ्या दिवशी विसर्जनाला निघताना चांदणी सोडवून घ्यायची हे तिच्या डोक्यात पक्कं होतं. पण प्रसादाचं पातेलं करपायला लागलं, ती चुलीकडे धावली, आणि तिच्या दिरानं, परशुरामनं, तेवढ्यात मूर्ती उचलली. बसंती नदीच्या मुखाशी पोचली तेव्हा परशुराम छातीभर पाण्यात होता. चांदणी एकदा उन्हात चमकली आणि गेली. सगळे मोरया म्हणत होते. बसंतीही म्हणत होती, कारण दुसरं काय ओरडणार? देवाला थांब म्हणायचं?

ओहोटीला परशुरामनं दोनदा बुड्या मारल्या. हाती चिखल लागला.

आणि मग हे पत्र. सुनयनानं वाचून दाखवलं. सोलांज नाताळला येतेय. गुडघे दुखतात, पुन्हा येणं होईल न होईल, एकदा माझी पेटी माझ्या हातानं उघडायची आहे. पुढचे दोन महिने फाटकाची कडी वाजली की बसंती हातातलं टाकून दारात यायची. पत्र लिहून आधीच कळवावं, असं सुनयनानं दहादा सुचवलं. "एवढ्या लांब बसून रडेल बिचारी," म्हणून बसंतीनं दहादा टाळलं. खरं तर स्वतःचीच छाती होत नव्हती.

शेवटी तिनं गावातल्या पत्रे ठोकणाऱ्या हरिलालकडून तसलीच चांदणी करून घेतली. बिस्किटांच्याच झाकणातून. फार लखलखीत झाली, म्हणून राखेनं घासली, चार दिवस ओल्या मातीत पुरली, पुन्हा काढून पुसली. कुणी चोरी करतानाही एवढी मेहनत घेत नसेल. मग कागदात गुंडाळून पेटीच्या तळाशी ठेवली आणि देव्हाऱ्याकडे न बघता स्वयंपाकघरात गेली.

सोलांज नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी आली. केस पांढरे, हातात काठी, आवाज तोच. दोघी गळ्यात गळा घालून रडल्या. बोलणं सगळं क्रेओल भाषेतून, मध्येच सोलांजचं मोडकंतोडकं मराठी. परशुरामनं नाताळचं झाड म्हणून सुरूची फांदी कुंडीत रोवून ठेवलेली होती.

पेटी उघडली. सोलांज एकेक कागद सोडवत होती. "या सालातला पेपर," ती म्हणाली. "दर वर्षी बदललास?" बसंतीनं मान हलवली. गोळे निघाले, पक्षी निघाले, आणि मग तळाचं पुडकं.

सोलांजनं चांदणी बाहेर काढली. उलटसुलट बघितलंही नाही. गालाला लावली आणि डोळे मिटून "गास्तों" म्हणाली.

झालं होतं, सगळं निभावलं होतं. बसंतीनं गप्प बसायचं होतं, एवढंच. पण हरिलालच्या पत्र्याला ती बाई गाल घासतेय हे तिला बघवेना.

"ही नव्हे ती," बसंती म्हणाली. "ती गेली. मी घालवली."

मग सगळं बाहेर पडलं, प्रभावळ, तार, करपलेलं पातेलं, नदी. सांगताना तिनं एकदाही वर बघितलं नाही. सोलांजनं चांदणी मांडीवर ठेवली. बसंतीला वाटलं, आता उठेल आणि काठी घेऊन चालू लागेल.

"कुठं बांधलेलीस?" सोलांजनं विचारलं.

"देवाच्या डोक्यामागं."

"लोक आलेले?"

"गल्ली आली. बंदरावरचे आले. बाजारातला तुझा तो दुकानदारपण."

"ते काय करतात? देवासमोर?"

बसंतीनं हात जोडून, डोकं खाली वाकवून दाखवलं.

"सगळे?"

"सगळे."

सोलांज हसायला लागली, आणि हसता हसता तिचा चेहरा वाकडा झाला. "वीस वर्षं गास्तों त्यांचा बाजार झाडत होता," ती म्हणाली. "एकानं कधी त्याला साधं बोंझूर, नमस्कार म्हटलं नाय."

सोलांजनं पदरानं पुसावं तसे फ्रॉकच्या काठानं डोळे पुसले. मग हरिलालची चांदणी बसंतीच्या हातात दिली. "ही तुझ्या गणपतीला ठेव," ती म्हणाली.

दोघींनी मिळून फांदी सजवली. गोळे लागले, माळा लागल्या. शेंड्यावर सोलांजनं काही लावलं नाही, आणि बसंतीनं लाव म्हटलं नाही.