रुसलेली बायको

गुहेत दगड आहेत, गळतं पाणी आहे, वटवाघळं आहेत. पण माणसं तिकीट काढून आत येतात ती हसायला, असं मास्तरांचं ठाम मत होतं. मास्तरांनी कुठल्या शाळेत कधी शिकवलं नव्हतं. ते राष्ट्रीय उद्यानातल्या गुहेचे गाईड. हातात काठी आणि तोंडाचा पट्टा सतत चालू, म्हणून तिथल्या लोकांनी त्यांना मास्तर करून टाकलं होतं.

पाणी थेंबथेंब गळतं, चुना मागे राहतो आणि त्याचे असे आकार बनतात, इतकं शास्त्र सांगेपर्यंत पाहुणे जांभया देऊ लागत. मग मास्तर आपला ठेवणीतला माल काढत. एका दगडावरचा दिवा लावला की तो दाढीवाला म्हातारा, दुसऱ्यावरचा लावला की उलटा टांगलेला मुळा. बघून झालं की दिवा लगेच बंद. उजेड राहिला तर दगडावर शेवाळ धरतं, त्यामुळे या बाबतीत मास्तर कोणाच्या बापाचं ऐकत नसत.

शेवटच्या दालनात माणसाएवढा एक खांब होता. पाठमोरा, कमरेत किंचित वाकलेला. "ही रुसलेली बायको," मास्तर म्हणत. "मी रोज हिची समजूत काढतो. घरी एक, इथे एक. ही त्यातल्या त्यात बरी, बोलत नाही." गुहा हशाने दणाणून जाई. थकलेली माणसंही इथे हसत, आणि मास्तरांना कृतकृत्य वाटे.

घरची बायको उद्यानाच्याच अतिथीगृहात, धुलाईघरात होती. मास्तर ज्यांना हसवत, त्यांच्याच चादरी ती धूत असे. तिथल्या दमट हवेत चादर वाळता वाळत नाही, म्हणून दोन बायकांनी दोन टोकं धरून ती पार पिळून काढायची, आणि मग पुढची घ्यायची. धुलाईघराची आणि गुहेची वेळ एकच असल्यामुळे तिने गुहा कधी पाहिली नव्हती. हे मास्तरांच्या पथ्यावर पडलं होतं.

मग एक दिवस अतिथीगृहाचा पंप जळला. बायका रिकाम्या बसलेल्या बघवेनात म्हणून मॅनेजरने त्यांना फुकट गुहा बघायला पाठवलं. दारात घोळका आला आणि त्यात आपली बायको बघून मास्तरांनी काठी या हातातून त्या हातात घेतली.

"अहो, हे डोक्यावर घालायलाच हवं का?" तिने हेल्मेट उलटंसुलटं करून विचारलं. "अंबाड्यावर बसत नाही."

"नियम आहे," मास्तर म्हणाले.

म्हातारा झाला, मुळा झाला. शेवटच्या दालनात मास्तरांनी एकही बटण न दाबता "चला, संपली गुहा" म्हणून काठी दाराकडे वळवली. पण धुलाईघरातली थोरली आक्का जागची हलेना.

"असं कसं संपली? रुसलेली बायको राहिली की! पाहुणे आमच्याकडे येऊन रोज सांगतात. घरी एक, इथे एक. हो ना गं?"

हा शेवटचा प्रश्न मास्तरांच्या बायकोला होता. तिने नुसती मान हलवली. म्हणजे तिला माहीत होतं, आणि आजचं नव्हतं. इतकी वर्षं ती घरी येऊन एका शब्दाने बोलली नव्हती. मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण बायका हटेनात, तेव्हा त्यांनी बटण दाबलं.

बायका हसल्या. बायको कठड्याशी गेली आणि खांबाकडे बराच वेळ बघत राहिली.

"रुसली कसली?" ती म्हणाली. "पाठ भरून आलीय तिची. दिवसभर उभी आहे बिचारी."

आक्काने "अगं बाई, खरंच" म्हटलं आणि जवळ येऊन पाहिलं.

"दिवा घालवा आता," बायको मास्तरांना म्हणाली. "टेकू दे तिला जरा."

त्या संध्याकाळी मास्तर घरात इकडून तिकडे दोनदा फिरले. मग म्हणाले, "तुझी पाठ दुखते का गं?"

"दुखते की."

"कधीपासून?"

"आता काय सांगू," ती म्हणाली. "ते पातेलं उतरवा तेवढं. सांडू नका."

मास्तरांनी पातेलं उतरवलं. थोडं सांडलं. तिने फडकं पुढे सरकवलं.

दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या फेरीला मास्तरांनी खांबावरचा दिवा लावला आणि सवयीने तोंड उघडलं. "ही बाई," ते म्हणाले, "दमलीय."

पाहुणे थांबले. विनोद अजून यायचा आहे असं समजून पुढचे दोघे-तिघे हसायच्या तयारीत उभे राहिले. मागे उभ्या असलेल्या एका पाहुणीने नकळत स्वतःच्या कमरेवर हात ठेवला. मास्तरांनी तो पाहिला, आणि दिवा घालवला.